इंधनाची दरवाढ शेवटी कुणाच्या अंगावर पडते?

हिशेबवही (धागाकर्ता)

पेट्रोल आणि डिझेल महागले की आपल्याकडची चर्चा दोन प्रश्नांपाशी घुटमळते. केंद्राने किती कर लावला आणि राज्याने किती, हा एक; आपल्या गाडीची टाकी पूर्वी कितीत भरत असे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि करांविषयी या धाग्यावर बोलावे लागेलच. परंतु गेली काही वर्षे मला तिसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. इंधनाचा वाढीव खर्च प्रत्येक जण पुढच्याच्या गळ्यात घालू पाहतो; तो शेवटी कुणाच्या गळ्यात पडतो आणि त्याच्यापासून पुढे का सरकत नाही, हे आपण फारसे तपासत नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून जून २०२० ते एप्रिल २०२२ हा काळ धरू. १ जून २०२० रोजी मुंबईत पेट्रोल ७८ रुपये ३२ पैसे आणि डिझेल ६८ रुपये २१ पैसे लिटर होते. ६ एप्रिल २०२२ रोजी हेच दर १२० रुपये ५१ पैसे आणि १०४ रुपये ७७ पैसे झाले. म्हणजे दोन वर्षांच्या आत डिझेल लिटरमागे साडेछत्तीस रुपयांनी आणि पेट्रोल बेचाळीस रुपयांनी वाढले. या काळाच्या तोंडावर, एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे कच्च्या तेलाची मागणी इतकी कोसळली होती की अमेरिकेतील वायदे बाजारात भाव एक दिवस शून्याच्याही खाली गेला. त्या स्वस्ताईचा लाभ ग्राहकाला मिळाला नाही, कारण मे २०२० मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले, आणि १ जूनपासून महाराष्ट्र सरकारनेही लिटरमागे २ रुपयांचा उपकर वाढवला. पुढे तेल महागत गेले, तेव्हा हा करांचा थर जागच्या जागी राहिला आणि त्यावर नवी वाढ चढत गेली.

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून ते देशभर रोज बदलू लागले. कागदावर ही व्यवस्था बाजाराशी जोडलेली आहे. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, कच्चे तेल १०० डॉलरच्या वर जाऊनही पंपावरचा दर हलला नाही. मग सोळा दिवसांत चौदा वेळा दरवाढ होऊन लिटरमागे १० रुपये वाढले. ज्याला महिन्याचा खर्च आधीच आखावा लागतो, त्याला असा साठवून दिलेला धक्का रोजच्या वीस-तीस पैशांपेक्षा कितीतरी जड जातो.

आता माझा मूळ मुद्दा. डिझेल वाढले म्हणून कांदा महागला, असे आपण सहज म्हणतो. लासलगावहून गुवाहाटीला जाणाऱ्या कांद्याच्या मालमोटारीचा हिशेब करून पाहा. अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर, भरलेली मोटार लिटरला चार किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे सव्वासहाशे लिटर डिझेल. डिझेल १० रुपयांनी वाढले तर खेपेचा खर्च सव्वासहा हजारांनी वाढतो. गाडीत वीस टन कांदा धरला तर किलोमागे ३१ पैसे. परतीला गाडी पूर्ण रिकामी आली असे धरले तरी ६० ते ६५ पैसे. एवढ्या लांबच्या वाहतुकीचा हा आकडा असेल, तर नारायणगावहून पुण्याला येणाऱ्या टोमॅटोवर तो काही पैशांचाच असणार. मग भाजीवाल्याकडे किलोमागे पाच-दहा रुपये वाढतात, ते कुठून येतात?

आपापल्या व्यवसायातला अनुभव, शक्यतो आकड्यांसह, लिहावा ही विनंती.

रानशिवार

फार चांगला प्रश्न मांडलात. मी शेतकरी आहे, स्वतःचा ट्रॅक्टर नाही, सगळी मशागत भाड्याने करून घेतो. त्यामुळे डिझेलची झळ मला पंपावर लागत नाही, ट्रॅक्टरवाल्याच्या दरात लागते.

नांगरटीला एकरी साधारण सात-आठ लिटर डिझेल जाते. म्हणजे डिझेल १० रुपयांनी वाढले तर एकरी सत्तर-ऐंशी रुपये वाढायला हवेत. आमच्या भागात त्या दोन वर्षांत नांगरटीचा एकरी दर पंधराशेवरून दोन हजारांवर गेला. डिझेलची पूर्ण साडेछत्तीस रुपयांची वाढ धरली तरी हिशेब पावणेतीनशे-तीनशेच्या पुढे जात नाही. उरलेले दोनशे रुपये कशाचे, असे मी आमच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारले होते. तो म्हणाला, "दादा, टायर महागले, फाळ महागला, बँकेचा हप्ता आहे, ड्रायव्हरला पगार वाढवून द्यावा लागला. दर काय मी रोज वाढवतो का? डिझेल वाढलं की एकदाच वाढवतो." त्याचे बोलणे मला खोटे वाटले नाही. दर वाढवायला सगळ्यांना पटेल असे कारण लागते आणि डिझेल हे ते कारण असते. त्या निमित्ताने इतर साचलेल्या वाढीही वसूल होतात.

अडचण पुढे आहे. मे आणि जुलै २०२२ मध्ये कर कमी झाल्यावर डिझेल लिटरमागे दहा रुपयांनी उतरले, परंतु नांगरटीचा दर दोन हजारांवरून खाली आला नाही. रोटा, पेरणी, मळणी, सगळ्यांचे तेच. आणि ज्याच्याकडे हा सगळा खर्च येऊन जमतो, त्या माझ्यासारख्याला पुढे ढकलायला कुणी नाही, कारण मी माल विकायला जातो तेव्हा भाव मी सांगत नाही.

बाजार समितीतून येणारी पट्टी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर मालाचे वजन आणि मिळालेला भाव असतो, खाली हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा केलेले असते, आणि तळाला उरलेली रक्कम. टोमॅटोचे गाडीभाडे क्रेटवर ठरते. क्रेट पाचशे रुपयांना गेला काय किंवा ऐंशी रुपयांना गेला काय, भाडे तेच. भाव चांगला असताना भाड्यातली वाढ जाणवत नाही. भाव पडलेला असताना तीच वाढ पट्टीच्या तळाची रक्कम खाऊन टाकते. माल रानातच सोडून देणारे शेतकरी वर्तमानपत्रात दिसतात, तो निर्णय याच ठिकाणी झालेला असतो. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडे मिळून भावाच्या वर गेले की तोडणीच परवडत नाही.

आकडेमोड

रानशिवार यांच्या प्रतिसादाला एक जोड. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात पेट्रोलचा भार २.१९ टक्के आणि डिझेलचा केवळ ०.१५ टक्का होता. म्हणजे डिझेल कितीही वाढले तरी महागाईच्या त्या आकड्यात ते थेट जवळजवळ दिसतच नसे. घाऊक निर्देशांकात मात्र डिझेलचा भार ३ टक्क्यांच्या वर होता. देशात खपणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांत डिझेलचा वाटा ४० टक्क्यांच्या जवळपास आहे. बातम्यांत पेट्रोलची शंभरी गाजते, कारण पेट्रोल आपण स्वतः भरतो. डिझेल आपल्या नावावर दुसरा कुणीतरी भरत असतो.

बंदरकाठ

शेतीविषयी वाचले. मच्छीमारीत हा प्रश्न आणखी उघडा दिसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आठ-दहा दिवसांच्या खेपेला जाणाऱ्या ट्रॉलरला दोन हजार लिटरच्या आसपास डिझेल लागते. बर्फ, खलाशांचे रेशन, जाळ्यांची दुरुस्ती हे सगळे खर्च एकत्र केले तरी डिझेलच्या जवळ जात नाहीत. धागाकर्त्यांनी दिलेली साडेछत्तीस रुपयांची वाढ दोन हजारांनी गुणली तर खेपेमागे ७३ हजार रुपये होतात. हे केवळ वाढीचे पैसे, एकूण डिझेलचे नव्हेत. कांद्यात किलोमागे तीस-साठ पैसे होणारी वाढ इथे एका खेपेचा नफा पुसून टाकते, कारण मालमोटारीत माल आधी भरलेला असतो आणि ट्रॉलर मात्र मासळी मिळेल या भरवशावर रिकामा निघतो. जवळची मासळी कमी झाल्यामुळे दूर जावे लागते, दूर जायला जास्त डिझेल जाळावे लागते, आणि तरीही जाळ्यात काय येईल हे कुणी सांगू शकत नाही.

मासळीचा भावही आमच्या हातात नसतो. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव होतो, तिथे एकदा उभे राहून पाहावे. बोटी पाण्यात थांबलेल्या असतात, माल बैलगाड्यांनी वाळूवर येतो, ढीग पडतात आणि बोली सुरू होते. मासळी नाशवंत असल्याने उद्याची वाट पाहता येत नाही. डिझेल कितीने भरले हे त्या ढिगाभोवती कुणी विचारत नाही. त्याच मासळीवर पुढे पुण्या-मुंबईच्या बाजारात वाहतूक, बर्फ आणि नफा चढतो, पण ती वाढ मागे बोटीकडे येत नाही.

जिथे वाट्याची पद्धत आहे तिथे खेपेच्या विक्रीतून आधी डिझेल, बर्फ आणि रेशन वजा होते आणि उरलेल्याचे वाटे पडतात. म्हणजे डिझेलची वाढ मालकाच्या आधी तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांच्या वाट्यातून जाते. पगारी खलाशी असतील तर बोटमालक दोन-तीन खेपा तोट्यात काढतो आणि मग बोट किनाऱ्याला ओढून ठेवतो. १ जून ते ३१ जुलै ही बंदी कायद्याने असते. २०२२ च्या उन्हाळ्यात अनेकांनी ती स्वतःच आधी सुरू केली.

राज्य सरकार मच्छीमारांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा देते, हे खरे आहे आणि त्याचा उपयोगही होतो. परंतु पैसे आधी पूर्ण भरायचे आणि परतावा नंतर यायचा, अशी ती रचना आहे. परतावा थकला की संस्थेचे आणि बोटमालकाचे भांडवल अडकते, आणि मग डिझेल उधारीवर घ्यावे लागते. उधारी देणारा व्यापारी बहुधा मासळी घेणाराच असतो, त्यामुळे भावात घासाघीस करायची सोयही राहत नाही.

मार्च २०२२ मध्ये आणखी एक अडचण आली. तेल कंपन्यांनी घाऊक ग्राहकांसाठीचे डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी वाढवले, किरकोळ पंपावरचा दर मात्र तसाच होता. मच्छीमार सहकारी संस्थांचे पंप घाऊक ग्राहक धरले गेल्यामुळे ज्यांना सवलत मिळायला हवी त्यांनाच बाहेरच्या पंपापेक्षा महाग डिझेल पडू लागले.

लालडबा

घाऊक डिझेलचा तोच फटका त्या वेळी एसटीलाही बसला. आगारातल्या पंपाऐवजी गाड्या बाहेरच्या किरकोळ पंपावर नेऊन भराव्या लागल्या. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक डिझेल पहिल्यांदा वेगळे केले गेले तेव्हाही हेच झाले होते. ज्या सेवेतून सर्वात गरीब माणूस प्रवास करतो, तिला डिझेल सर्वात महाग मिळावे, ही व्यवस्था दुसऱ्यांदा तशीच्या तशी लागू झाली याचे मला आजही वाईट वाटते.

एसटीची भाडेवाढ जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के अशी झाली. प्रत्येक वेळी कारणांच्या यादीत डिझेल वर होते. २०२१ ची भाडेवाढ झाली आणि काही दिवसांतच कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. म्हणजे डिझेल महाग असतानाच खेड्यापाड्यांतली एसटी बंद होती आणि लोक वडापच्या जीपवर अवलंबून होते. वडापवाल्याने सीटमागे वाढवलेले पाच-दहा रुपये संप मिटल्यावरही उतरले नाहीत. पुढे ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला, याचा मोठा आधार झाला, परंतु ही सवलत एसटीत आहे, वडापमध्ये नाही. ज्या गावाची मुक्कामी गाडी संपानंतर पुन्हा सुरू झाली नाही, त्या गावातल्या बाईला अर्धे तिकीट कागदावरच आहे.

वेशीपलीकडे

सीमाभागातला एक अनुभव. ४ नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये शुल्क कमी केले, त्यासोबत कर्नाटक आणि गोव्यानेही आपापल्या करात कपात केली. महाराष्ट्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांची कपात केली ती जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात कागल-कोगनोळीच्या पट्ट्यात आणि सिंधुदुर्गात बांद्याकडे, वेशीअलीकडचे पंप ओस आणि पलीकडच्या पंपांवर रांगा, असे चित्र होते. लांब पल्ल्याची मालमोटार तर तेव्हा चारशे-पाचशे लिटरची टाकी कर्नाटकातच भरून महाराष्ट्र ओलांडत असे. जो जाऊ शकतो तो कर चुकवतो आणि ज्याला तालुक्याबाहेर जायचे कारण नाही तो पूर्ण कर भरतो. परभणीकरांना तर पळायला वेसही नाही. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने येणाऱ्या इंधनाच्या वाहतूक खर्चामुळे तिथे पेट्रोल राज्यातल्या सर्वात महाग दराने मिळत आले आहे.

पोळीभाजी_केंद्र

मी डबे देते. वर सगळे डिझेलवर बोलत आहेत, म्हणून गॅसविषयी लिहिते.

घरगुती सिलिंडरने मे २०२२ मध्ये हजार रुपये ओलांडले, मार्च २०२३ मध्ये मुंबईत तो ११०२ रुपये ५० पैशांवर गेला, ऑगस्ट २०२३ मध्ये २०० आणि मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरला. आम्हाला लागतो तो १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. त्याचा दर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो, आणि मे २०२२ मध्ये तो मुंबईत २३०० रुपयांच्या वर होता. डब्याचा दर मात्र मी दर महिन्याला बदलू शकत नाही. माझ्याकडे जेवणारी मुले नोकरीच्या शोधात आलेली असतात. शंभर रुपये वाढवले तर दोघे मिळून एक डबा घेऊ लागतात. तेल, डाळ, भाजी आणि गॅस एकाच वेळी वाढले तेव्हा मी मदतीला येणाऱ्या ताईंचा एक वेळचा रोज बंद केला आणि ते काम स्वतः अंगावर घेतले. ती कपात कुठल्याच निर्देशांकात येणार नाही. माझ्यावरचा भार मी पुढे ढकलला नाही असे नाही, तो माझ्याहून दुबळ्या बाईवर गेला.

आमच्या आईच्या पिढीने १९७२ मध्ये लाटणे मोर्चे काढले. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत सर्व पक्षांच्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या बायका अधिकाऱ्यांना थेट वस्तूचे नाव घेऊन जाब विचारत. आज दर कोण ठरवते हेच नीट कळत नाही, तर जाब कुणाला विचारायचा?

करदाता_नगर

थोडा वेगळा सूर लावतो. इंधनावरचा कर हा सरकारला मिळणारा सर्वात खात्रीचा महसूल आहे. २०२०-२१ मध्ये केंद्राला पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्कातून ३ लाख ३५ हजार कोटी रुपये मिळाले. टाळेबंदीत बाकीचे कर आटले असताना मोफत धान्य, लसीकरण आणि रस्ते यांना पैसा कुठून यायचा होता? शिवाय आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. इंधन स्वस्त ठेवले तर त्याचा सर्वात मोठा लाभ मोठ्या गाड्या बाळगणाऱ्यांना मिळतो आणि शहरांची हवा आणखी बिघडते. महाग इंधनामुळे लोक मेट्रो, बस आणि विजेच्या गाड्यांकडे वळतात. म्हणून दर कमी करा ही सरसकट मागणी मला पटत नाही.

आकडेमोड

करदाता_नगर यांचा महसुलाचा मुद्दा वजनदार आहे, पण तो महसूल कसा गोळा झाला हेही पाहावे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवरच्या ३२ रुपये ९० पैसे केंद्रीय करांत मूळ उत्पादन शुल्क केवळ १ रुपया ४० पैसे होते. बाकी सगळा विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि कृषी उपकर. वित्त आयोगाच्या सूत्राप्रमाणे राज्यांना ४१ टक्के वाटा मिळतो तो फक्त त्या मूळ शुल्कात. म्हणजे लिटरमागे सगळ्या राज्यांत मिळून ५७-५८ पैसे. राज्ये आपला मूल्यवर्धित कर सोडायला का तयार होत नाहीत, याचे मोठे कारण इथे आहे. राज्याचा कर टक्केवारीत असल्याने तो केंद्राच्या करावरही लागतो आणि तेल महागले की न बोलता वाढतो.

पेट्रोल आणि डिझेल वस्तू व सेवा कराबाहेर आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत परिषदेने त्यांना आत आणायची ही वेळ नाही असे ठरवले. याचा उद्योगांवर होणारा परिणाम कमी लक्षात घेतला जातो. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते, डिझेलवर भरलेल्या कराची मिळत नाही. त्यामुळे तो कर प्रत्येक टप्प्यावर खर्चात मिसळतो आणि त्यावर पुन्हा कर लागतो. धागाकर्त्यांच्या "पाच-दहा रुपये कुठून येतात" या प्रश्नाचे एक उत्तर या साखळीत आहे: क्रेट, गोणी, खत, औषध, सिंचनाचा पाइप, सगळ्यांतून थोडे थोडे.

आणि दर उतरण्याविषयी. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहीत तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी मिळून २१ हजार कोटींहून अधिक तोटा सोसला, हे त्यांच्या बाजूने मान्य करायलाच हवे. २०२३-२४ मध्ये त्याच तिघींचा एकत्रित नफा ८० हजार कोटींच्या वर गेला, तेव्हा ग्राहकाला मिळाले ते मार्च २०२४ मधले २ रुपये. रानशिवार यांच्या ट्रॅक्टरवाल्याने दर उतरवला नाही, हे खरे; पण दर उतरवण्याचा पायंडा वरूनच पडलेला नाही.

हिशेबवही (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. बंदरकाठ आणि पोळीभाजी_केंद्र यांच्या प्रतिसादांनी माझ्या प्रश्नाला अपेक्षेपेक्षा पुढे नेले.

करदाता_नगर, इंधन सरसकट स्वस्त करावे असे माझेही म्हणणे नाही. मोटारीतून एकट्याने फिरणाऱ्याने पूर्ण किंमत मोजावी, यात मला काही गैर दिसत नाही. परंतु महाग इंधनामुळे लोक दुसऱ्या साधनाकडे वळतात, हे दुसरे साधन जिथे आहे तिथेच खरे आहे. वाळूज किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारा, आसपासच्या गावातून रोज येऊन-जाऊन पन्नास किलोमीटर दुचाकी चालवणारा तरुण डोळ्यांपुढे आणा. त्याला दिवसाला एक लिटर पेट्रोल लागते, महिन्याला सव्वीस लिटर. बेचाळीस रुपयांच्या वाढीने त्याचा महिन्याचा खर्च जवळजवळ अकराशे रुपयांनी वाढला. बारा-तेरा हजारांच्या पगारात एकूण पेट्रोल तीन हजारांच्या वर गेले, म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा कामावर पोहोचण्यातच संपला. पाळी रात्री अकराला सुटते, त्या वेळी गावाकडे एसटी नाही. तो मेट्रोकडे वळू शकत नाही, विजेच्या दुचाकीचा हप्ता त्याला झेपत नाही आणि कंत्राटदार पेट्रोलभत्ता देत नाही. कर त्याच्याकडून आणि आलिशान गाडीच्या मालकाकडून लिटरमागे सारखाच घेतला जातो.

मुंबईच्या रिक्षाचालकाची बाजूही इथे मांडतो. १ एप्रिल २०२२ रोजी राज्याने सीएनजीवरचा कर १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला आणि मुंबईत सीएनजी ६० रुपये किलो झाला. पंधरवडा संपायच्या आत नैसर्गिक वायूच्या दरवाढीने तो ७२ वर गेला. रिक्षाचे किमान भाडे २१ वरून २३ रुपये झाले ते १ ऑक्टोबरला. म्हणजे मधले सहा महिने वाढ त्याच्या खिशातून गेली. त्याच्याकडे निदान भाडे ठरवणारे प्राधिकरण तरी आहे; खलाशाकडे, शेतमजुराकडे आणि डब्याच्या कामाला येणाऱ्या ताईंकडे तेही नाही.

या सगळ्यातून मला जे दिसते ते असे. दरवाढीची झळ इंधन किती जाळले यावर कमी आणि आपला दर आपण ठरवू शकतो की नाही यावर अधिक अवलंबून असते. मालमोटारींचा मोठा ताफा असलेल्या कंपनीच्या करारात डिझेलचे कलम असते, त्यानुसार भाडे आपोआप वाढते आणि उतरतेही. एकच मोटार असलेल्या मालकाच्या करारात ते नसते, बहुधा करारच नसतो. म्हणून मागणी करायची असेल तर ती नेमकी हवी. मच्छीमारांना आणि सार्वजनिक बससेवेला घाऊक ग्राहक म्हणून महाग डिझेल लावू नये. परताव्याऐवजी सवलत पंपावरच मिळावी. उपकरांना मुदत असावी. महाराष्ट्रात दुष्काळाच्या नावाने २०१५ मध्ये अधिभार लागला, त्यानंतर पाऊस चांगला झालेली वर्षेही आली, अधिभार मात्र वेगवेगळ्या रूपांत चालूच राहिला. आणि इंधनावरच्या करातला ठरावीक भाग एसटीच्या रात्रीच्या आणि आडगावच्या फेऱ्यांसाठी बांधून दिला जावा, कारण ज्याच्याकडून हा कर सर्वात जड हाताने वसूल होतो त्याला त्यातून काही परत मिळण्याचा तोच मार्ग आहे.

बंदरकाठ

पंपावरच सवलत देण्याला आमच्याकडे एक आक्षेप घेतला जातो, तो इथे नोंदवतो. स्वस्त डिझेल बोटीऐवजी बाहेर विकले जाईल, अशी भीती खात्याला वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. पण बोटींची नोंदणी आहे, परवाने आहेत, बंदरात आवक-जावक लिहिली जाते. बोटीच्या अश्वशक्तीप्रमाणे डिझेलचा कोटा आजही ठरवला जातो. त्याच कोट्यावर पंपावर कर वजा करून द्यावा, एवढेच मागणे आहे.

रानशिवार

मशागतीच्या दराबाबत आम्ही गावात एक गोष्ट सुरू करू पाहत आहोत. हंगामाच्या आधी ट्रॅक्टरवाले आणि शेतकरी एकत्र बसतील आणि नांगरट, रोटा व पेरणीचा एकरी दर ठरवतील. दरासोबत त्या दिवसाचा डिझेलचा दर लिहून ठेवायचा. डिझेल पाच रुपयांनी वाढले तर नांगरटीला एकरी चाळीस रुपये वाढतील आणि पाच रुपयांनी उतरले तर तेवढेच कमी होतील. ट्रॅक्टरवाल्यांपैकी दोघांनी होकार दिला आहे. बाकीच्यांचे म्हणणे असे की टायर आणि सुट्या भागांच्या वाढीचे काय, ते कशाशी जोडणार? हा त्यांचा प्रश्न योग्य आहे. कुणाच्या गावात असे काही चालू असेल तर त्यांनी टायर आणि दुरुस्तीचा खर्च दरात कसा धरला, हे कृपया लिहावे.